मेल सर्व्हर आपोआप बंद पडतो: रीस्टार्ट करण्याआधीची दहा मिनिटं

तुमची अडचण आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला ती नीट समजली आहे का ते तुम्हालाही कळेल. चाळीसेक खात्यांचं ऑफिस आहे. भाड्याने घेतलेल्या दोन जीबी रॅमच्या व्हर्च्युअल मशीनवर उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) आहे. त्यावर मेल घेणारा-पाठवणारा पोस्टफिक्स आणि लोकांना मेलपेटी उघडून देणारा डवकॉट, खात्यांच्या यादीसाठी मारियाडीबी हा डेटाबेस, आणि येणारा मेल तपासायला अमाविस व व्हायरस ओळखणारं क्लॅमएव्ही. दोन-तीन दिवसांतून एकदा, बहुतेक वेळा दुपारी, ‘मेल बंद झालाय’ असा फोन येतो. तुम्ही सगळ्या सर्व्हिस रीस्टार्ट करता आणि पाच मिनिटांत काम सुरू होतं. मेलचा लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला तर शेवटची ओळ नेहमीसारखीच असते, त्रुटीचा मागमूस नसतो. म्हणून आता दर तासाला सगळं आपोआप रीस्टार्ट करणारी ओळ क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीत) टाकावी का, असं तुम्ही विचारलं आहे.

ती ओळ टाकू नका. का टाकू नये ते पुढे सांगतो. तुमच्या वर्णनावरून माझा दाट संशय मेमरीवर आहे, त्यातही क्लॅमएव्हीवर. पण माझा संशय म्हणजे निदान नव्हे. मशीन कोणत्या पद्धतीचं आहे, त्यावर आणखी काय चालतं, आवृत्त्या कोणत्या आहेत, यावर बरंच अवलंबून आहे आणि ते मला इथून दिसत नाही. ‘सर्व्हर का बंद पडतो’ हा प्रश्न एका दमात सुटायला फार मोठा आहे. त्याऐवजी दोन लहान प्रश्न विचारायचे. नेमकं काय बंद पडलं? आणि ते कोणी बंद केलं? या दोन्हींची उत्तरं मशीनवर लिहिलेली असतात, फक्त तुम्ही बघताय त्या फाइलमध्ये नसतात.

त्याआधी एका गोष्टीबद्दल निश्चिंत व्हा. सर्व्हर बंद असताना तुमच्याकडे निघालेला मेल सहसा हरवत नाही. एसएमटीपी, म्हणजे सर्व्हरनी एकमेकांना मेल द्यायची पद्धत, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची. समोरचं मशीन बंद असणं ही तेव्हा रोजची बाब होती आणि सगळी रचना ते धरूनच केलेली आहे. २००८ च्या आरएफसी ५३२१ या तिच्या मानकातही पाठवणाऱ्या सर्व्हरने हार मानण्याआधी साधारण किमान ४-५ दिवस प्रयत्न करत राहावं, असं म्हटलं आहे. पोस्टफिक्स स्वतः ५ दिवस थांबतो. पहिल्या अपयशानंतर पाचेक मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करतो, मग अंतर वाढवत ते तासाभराच्या थोडं पुढे नेतो. म्हणजे तुमचा सर्व्हर अर्धा तास बंद राहिला तर मेल पलीकडच्या रांगेत थांबलेला असतो. अडचण होते ती ओटीपीसारख्या मेलची, कारण तो पोचेपर्यंत निरुपयोगी होतो, आणि तुमच्या लोकांच्या आउटबॉक्समध्ये अडकलेल्या मेलची. साहेब मागे येऊन उभे राहिले की शांतपणे लॉग वाचणं किती कठीण जातं ते मला माहीत आहे. त्यांना हेच सांगा: येणारा मेल पलीकडे सुरक्षित आहे, मला दहा मिनिटं द्या. रीस्टार्ट केलं की पुरावा पुसला जातो. मेमरीची अवस्था, अडकलेल्या प्रोसेस, उघडी कनेक्शन, सगळं जातं आणि तुम्ही पुन्हा दोन-तीन दिवस वाट बघत बसता.

त्या दहा मिनिटांतली पहिली कमांड अपटाइम, म्हणजे मशीन किती वेळ सलग चालू आहे ते. तीस दिवसांऐवजी बारा मिनिटं दिसली, तर प्रोग्रॅम नव्हे, अख्खं मशीन पडून पुन्हा उठलेलं आहे. मग शोध वेगळ्याच दिशेने घ्यायचा. ऑफिसातच सर्व्हर असेल तर वीज, यूपीएसची थकलेली बॅटरी, तापमान. भाड्याचं मशीन असेल तर पुरवठादाराकडची देखभाल. तुमचं मशीन डेटा सेंटरमध्ये आहे, त्यामुळे ही शक्यता कमी, पण बघायला दोन सेकंद लागतात.

आता पहिला प्रश्न, काय बंद पडलं. मेल सर्व्हर हा एक प्रोग्रॅम नसतो, ते एक कुटुंब असतं. पोस्टफिक्सच्या आतच ‘मास्टर’ नावाची एक प्रोसेस बाकीच्यांना जन्म देते: कोणी बाहेरून येणारा मेल घेतो, कोणी रांग सांभाळतो, कोणी मेल बाहेर पाठवतो. ही मुलं कामापुरती जगतात. शंभर सेकंद काम मिळालं नाही किंवा शंभर कामं झाली की त्यातली बहुतेक स्वतःहून निघून जातात. त्यामुळे मघाशी दिसणारी ‘एसएमटीपीडी’ (येणारा मेल घेणारी प्रोसेस) आता यादीत दिसत नाही म्हणून ती कोसळली असं समजू नका.

उबंटू आणि डेबियनच्या बऱ्याच आवृत्त्यांत आणखी एक सापळा आहे, त्यात मी अनेकांना अडकताना पाहिलंय. सिस्टिमडीला (सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेला) पोस्टफिक्सची स्थिती विचारली की उत्तर येतं ‘अ‍ॅक्टिव्ह’ आणि कंसात ‘एक्झिटेड’. ते वाचून वाटतं, झालं, पोस्टफिक्स बाहेर पडला. पण या आवृत्त्यांत ‘पोस्टफिक्स’ ही सर्व्हिस नुसता मुखवटा आहे. खरी सर्व्हिस नावापुढे ‘@’ आणि ‘-’ ही चिन्हं लावलेली, तिची स्थिती विचारायची. त्यापेक्षा खात्रीचा मार्ग म्हणजे पोस्टफिक्सलाच त्याच्या ‘स्टेटस’ उपकमांडने विचारणं.

कुटुंबातला कोण गेला हे फोनवरच्या तक्रारीतूनही बरंच कळतं. ‘जुने मेल दिसतात, नवीन येत नाहीत’ म्हणजे डवकॉट जिवंत आहे, गडबड पोस्टफिक्सकडे किंवा तपासणीकडे. ‘सारखा पासवर्ड मागतोय’ म्हणजे खाती पडताळणारा भाग किंवा त्यामागची मारियाडीबी गेली. ‘काहीच उघडत नाही’ म्हणजे डवकॉट, नाहीतर अख्खं मशीनच गुदमरलंय. यानंतर मशीनवर लॉगिन करून पोर्ट २५ ला, म्हणजे मेल येतो त्या दाराला, हाताने जोडून बघा. २२० ने सुरू होणारं स्वागत आलं तर पोस्टफिक्स उभा आहे. पत्ता दिल्यावर किंवा मजकूर संपवल्यावर ४५१ ने सुरू होणारं उत्तर आलं तर पोस्टफिक्स ठीक आहे, पण ज्याच्याकडे तो काही विचारतोय किंवा मेल तपासायला देतोय तो उत्तर देत नाही. ‘मेल सर्व्हर बंद पडला’ म्हणून माझ्याकडे आलेल्या बऱ्याच प्रकरणांत पोस्टफिक्स शेवटपर्यंत उभा होता.

दुसरा प्रश्न, कोणी बंद केलं. इथे लिनक्समधली एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे तुमच्या मुक्या लॉगचं कोडं सुटेल. प्रोसेस बंद होते तेव्हा एकतर ती स्वतः बाहेर पडते किंवा तिला सिग्नल मिळतो. स्वतः बाहेर पडली तर जाताना बहुतेक वेळा ‘फेटल’ शब्दाची ओळ लिहून जाते: कॉन्फिगरेशनमध्ये चूक, पोर्ट दुसऱ्याने धरलंय, फाइलची परवानगी नाही. सिग्नल १५ ही विनंती असते. ‘आवरून घे आणि थांब.’ रीस्टार्ट करणारे, अपडेट करणारे, मशीन बंद करणारे हाच पाठवतात. सिग्नल ११ म्हणजे प्रोग्रॅमने नको त्या मेमरीत हात घातला. आणि सिग्नल ९ ही विनंती नसते. तो मिळालेल्या प्रोसेसला एक अक्षरही लिहायची संधी मिळत नाही. म्हणूनच शेवटची ओळ नेहमीसारखी दिसते. लॉगमध्ये काहीच नाही, हाच सिग्नल ९ चा मोठा पुरावा. कुठे बाहेर पडण्याचा क्रमांक दिसला तर त्यातून १२८ वजा करा: १३७ म्हणजे ९, १३९ म्हणजे ११, १४३ म्हणजे १५.

हे कुठे दिसतं? मेलच्या लॉगमध्ये नाही. सिस्टिमडीच्या जर्नलमध्ये त्या सर्व्हिसचं नाव देऊन बघा. तिथे ‘किल्ड’, पुढे ९, आणि नवीन आवृत्त्यांत ‘ओओएम-किल’ असा निकालही लिहिलेला असतो. मग कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) जर्नल बघा, म्हणजे जर्नलसीटीएलला ‘के’ हा पर्याय देऊन किंवा डीमेसेज चालवून. त्यात ‘आउट ऑफ मेमरी’ आणि ‘किल्ड प्रोसेस’ हे शब्द, शेजारी प्रोसेसचं नाव आणि तिने धरलेली मेमरी अशी ओळ सापडली, तर मारणारा सापडला. मशीनमधली मेमरी आणि स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) संपली की सगळंच गोठू नये म्हणून कर्नल एका प्रोसेसचा बळी घेतो, सहसा सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेल्या प्रोसेसचा. एवढं मात्र लक्षात ठेवा की ज्याला मारलं तोच दोषी असतो असं नाही. तो फक्त त्या क्षणी सर्वांत जाड होता. तुमचं मशीन कंटेनर-पद्धतीचं, म्हणजे एकच कर्नल अनेक ग्राहकांत वाटलेलं, असेल तर कर्नल तुमच्या मालकीचा नसतो, आणि ही ओळ तुम्हाला दिसेलच असं नाही. तसं असेल तर पुरवठादाराला वेळ सांगून विचारा.

वेळेवरून एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याचा मेल सर्व्हर असाच पडायचा. तिथले लोक म्हणायचे, दुपारी दोनच्या सुमाराला. मी लॉगमध्ये १४ वाजताच्या आसपासची ओळ न् ओळ वाचली, काही मिळालं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मग लक्षात आलं की मशीनचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे. भाड्याची बहुतेक मशीन तशीच येतात. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे लोकांचे दुपारचे दोन हे लॉगमधले सकाळचे साडेआठ. साडेआठच्या आसपास पाहिलं आणि कर्नलची ती ओळ समोरच होती. तेव्हापासून कोणाच्याही मशीनवर गेलो की आधी ‘डेट’ कमांड चालवतो. तुमच्या ‘दुपारी’चं रूपांतर आधी करून घ्या.

आता तुमच्या सर्व्हरवर काय घडत असावं ते सांगतो, कारण वर्णन त्या कारखान्याशी फार जुळतं. क्लॅमएव्हीची ‘क्लॅमडी’ ही प्रोसेस व्हायरसच्या खुणांचा अख्खा संच मेमरीत धरून बसते. एकट्या तिलाच एक जीबीहून जास्त लागतात. प्रकल्पाच्या दस्तऐवजातच किमान तीन जीबी रॅम सुचवलेली आहे, तुमच्याकडे दोन आहे. तरी एरवी कसंबसं भागतं. पण ‘फ्रेशक्लॅम’ दिवसातून अनेकदा, सेटिंगनुसार बारा किंवा चोवीस वेळा, नवीन खुणा आल्यात का ते तपासतो. आल्या की उतरवून घेतो आणि क्लॅमडीला कळवतो. २०२० मध्ये आलेल्या ०.१०३ आवृत्तीपासून क्लॅमडी नवीन संच लोड होईपर्यंत जुना सोडत नाही, म्हणजे त्या वेळात तपासणी थांबत नाही. सोय चांगली आहे, पण तेवढा वेळ दोन्ही संच मेमरीत असतात. एक जीबीचे दोन होतात. दोन जीबीच्या मशीनवर एवढी जागा आणायची कुठून?

तिथून पुढची साखळी बघा. कर्नल क्लॅमडीला मारतो. अमाविसला प्राथमिक तपासनीस सापडत नाही, म्हणून तो पर्यायी तपासनीस वापरतो. उबंटूतल्या नेहमीच्या मांडणीत हा पर्याय म्हणजे ‘क्लॅमस्कॅन’. तो प्रत्येक मेलसाठी नव्याने सुरू होतो आणि प्रत्येक वेळी तो सगळा संच मेमरीत चढवतो. अमाविसचे दोन कामगार एकाच वेळी चालत असतील तर दोन क्लॅमस्कॅन, पुन्हा दोन जीबीची मागणी. आता कर्नल ज्याला मारेल त्याचा क्लॅमएव्हीशी संबंध असेलच असं नाही. अनेकदा नंबर लागतो मारियाडीबीचा. ती गेली की पोस्टफिक्सला खाती सापडत नाहीत, तो प्रत्येकाला ‘टेंपररी लुकअप फेल्युअर’ सांगत सुटतो. डवकॉटही पासवर्ड पडताळू शकत नाही. ऑफिसच्या दृष्टीने या क्षणी ‘मेल सर्व्हर बंद पडला’. मूळ घटना त्याआधी दहा-पंधरा मिनिटं, कोणालाही न जाणवता घडून गेलेली असते.

हे खरं आहे का ते पडताळायला तीन जागा बघा. फ्रेशक्लॅमच्या लॉगमध्ये ‘डेली’ संच कधी बदलला आणि क्लॅमडीला कधी कळवलं. क्लॅमडीच्या लॉगमध्ये त्याच वेळी ‘रीडिंग डेटाबेसेस’ अशी ओळ आणि त्यानंतर ‘करेक्टली रीलोडेड’ ही ओळ आहे की नाही. पहिली आहे आणि दुसरी नाही, म्हणजे ती मध्येच मेली. आणि मेलच्या लॉगमध्ये अमाविसची ‘ऑल प्रायमरी व्हायरस स्कॅनर्स फेल्ड’ अशी तक्रार. ही तिन्ही वेळांच्या क्रमाने जुळली तर मला आणखी पुरावा नको. फ्रेशक्लॅम रोज संच आणत असेल तरी सर्व्हर रोज का पडत नाही, असं तुम्ही विचाराल. त्या मिनिटाला बाकीच्यांनी किती मेमरी धरली आहे त्यावर ते ठरतं. कोणी मोठी अटॅचमेंट पाठवत असेल, लोकांचे फोन आणि कॉम्प्युटर एकदम जोडलेले असतील, तर जागा पुरत नाही. मशीन काठावर चाललं असलं की बिघाड असाच अनियमित दिसतो.

उपाय काय? सर्वांत साधा म्हणजे रॅम चार जीबी करणं. महिन्याला थोडे पैसे वाढतील, पण चाळीस लोकांचा खोळंबा त्याहून महाग पडतो, असं साहेबांना सांगा. ते लगेच शक्य नसेल तर क्लॅमडीच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘कॉन्करंटडेटाबेसरीलोड’ ही सेटिंग ‘नो’ करा. मग ती जुना संच सोडून नवीन चढवते, दुप्पट मेमरी लागत नाही. त्याची किंमत अशी की लोड होईपर्यंत तपासणी थांबते आणि तेवढा वेळ येणारा मेल रांगेत राहतो. माझ्या मते तुमच्या ऑफिससाठी हा सौदा चांगला आहे. सोबत दोन जीबीची स्वॅप फाइल लावा. स्वॅप हा इलाज नव्हे, उशी आहे. सतत स्वॅपवर चालणारा मेल सर्व्हर इतका संथ होतो की लोकांना तो बंदच वाटतो. पण काही सेकंदांची उसळी ती झेलते. कंटेनर-पद्धतीच्या काही स्वस्त योजनांत स्वतःची स्वॅप लावता येत नाही, तेही तपासून घ्या. अमाविसच्या पर्यायी तपासनिसांच्या यादीतून क्लॅमस्कॅन काढून टाका. मग क्लॅमडी गेली तर अमाविसच्या सेटिंगनुसार मेल तात्पुरता रांगेत थांबेल किंवा न तपासता पुढे जाईल, पण बाकी घर कोसळणार नाही.

क्लॅमएव्ही पूर्ण काढून टाकावं का, हे परिस्थितीवर आहे. दोन जीबीवरच राहायचं असेल आणि सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर अ‍ॅन्टिव्हायरस असेल, तर मी ते काढून प्रोग्रॅम आणि स्क्रिप्ट प्रकारच्या अटॅचमेंट सरळ नाकारण्याचा नियम लावीन. पण तुमच्याकडे बाहेरच्या लोकांकडून झिप आणि ऑफिसच्या फाइली सतत येत असतील, तर तपासणी ठेवा आणि रॅम वाढवा. मारियाडीबीला किंवा पोस्टफिक्सला बळींच्या यादीतून सूट देण्याची सोयही सिस्टिमडीत आहे, ‘ओओएमस्कोअरअ‍ॅडजस्ट’ नावाची. मारियाडीबीपुरती ती वापरायला हरकत नाही. मात्र सगळ्यांनाच सूट दिली तर कर्नल दुसऱ्याच एखाद्या गरजेच्या प्रोसेसला मारतो.

मेमरीची ओळ सापडली पण वेळ फ्रेशक्लॅमशी जुळत नसेल, तर मी पुढचा संशय फुटलेल्या पासवर्डवर घेतो. एखाद्या खात्याचा पासवर्ड बाहेर गेलेला असतो, त्यावरून रात्रंदिवस स्पॅम जात असतं, रांगेत हजारो मेल साचतात आणि प्रत्येकाच्या तपासणीत मेमरी जळते. मेलक्यू (रांग दाखवणारी कमांड) चालवून शेवटचा आकडा बघा. चाळीस खात्यांच्या ऑफिसात तो सहसा दोन आकडी असतो. तो हजारांत असेल तर मेलच्या लॉगमधून ‘एसएएसएल युजरनेम’च्या (मेल पाठवायला लॉगिन केलेल्या खात्याच्या) ओळी काढून खातेनिहाय मोजा. एकच नाव बाकीच्यांच्या शंभरपट दिसेल. त्याचा पासवर्ड आधी बदला, रांग नंतर साफ करा. उलट क्रमाने केलं तर रांग साफ होता होता पुन्हा भरते.

डिस्क बघताना नुसती जागा बघू नका, आयनोडही (फाइलींच्या नोंदींची मर्यादित संख्या) बघा. डीएफ कमांडला ‘आय’ हा पर्याय दिला की ते दिसतात. मेलडिर पद्धतीत प्रत्येक मेल ही वेगळी फाइल असते. त्यामुळे दहा वर्षांच्या मेलपेट्या असलेल्या मशीनवर जागा शिल्लक असूनही नवीन फाइल बनवता येत नाही, असं मी पाहिलं आहे. जागा संपली की पोस्टफिक्स मेल नाकारतो आणि मारियाडीबी अडकून बसते.

डवकॉटच्या दोन मर्यादाही ‘बंद पडला’ असा आभास निर्माण करतात. एक म्हणजे प्रत्येक प्रोसेसला दिलेली मेमरीची मर्यादा, अनेक आवृत्त्यांत मुळात २५६ एमबी. फार मोठी मेलपेटी उघडताना ती ओलांडली की फक्त त्या माणसाची प्रोसेस मरते, आणि लॉगमध्ये ‘व्हीएसझेड लिमिट’ वाढवा असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ही मशीनची मेमरी संपल्याची खूण नव्हे. दुसरी मर्यादा आपल्याकडच्या ऑफिसांत फार भोवते. ‘इन्फो’ किंवा ‘सेल्स’ नावाचं एकच खातं सहा जण वापरतात, आणि सगळे एकाच इंटरनेट जोडणीतून, म्हणजे बाहेरून बघता एकाच आयपीवरून येतात. डवकॉट एका खात्याला एका आयपीवरून मुळात १० कनेक्शन देतो. थंडरबर्डसारखा प्रोग्रॅम एकटाच पाचपर्यंत उघडतो. दोघांनी उघडलं की तिसऱ्याला दार बंद. फोन नेहमी त्याच खात्याच्या माणसांचे येत असतील तर आधी हे बघा.

मेलच्या लॉगमध्ये दर वेळी सिग्नल १५ आणि व्यवस्थित आवरून थांबल्याच्या ओळी असतील तर कोणीतरी सांगून बंद केलंय: आपोआप होणारं अपडेट, लॉग फिरवणारी स्क्रिप्ट, जुन्या अ‍ॅडमिनने ठेवलेली क्रॉनची ओळ. उबंटूचं आपोआप अपडेट साधारण सकाळी सहा ते सातच्या दरम्यान मशीनच्या घड्याळाने होतं. यूटीसी असेल तर आपले साडेअकरा ते साडेबारा, भर कामाची वेळ. मशीनची वेळ भारतीय करून घेतलीत तरी हा त्रास जातो. सिग्नल ११ एकाच प्रोग्रॅमला येत असेल तर त्याची आवृत्ती बदला. आज हा, उद्या तो असं होत असेल आणि मशीन ऑफिसातलं असेल तर रॅमची पट्टी तपासा.

आता क्रॉनच्या ओळीकडे येतो. दर तासाला रीस्टार्ट म्हणजे दर तासाला क्लॅमडी शून्यातून सगळा संच चढवणार. तेवढा वेळ प्रोसेसर राबणार आणि तपासणी थांबणार. आत्ता मेल घेत असलेली कनेक्शन मध्येच तुटणार. रांगेत हजारो स्पॅम असतील तर ते तुम्हाला कळणारच नाही, कळेल ते तुमचा आयपी काळ्या यादीत गेल्यावर. आणि रॅम कमी असण्याचा मूळ प्रश्न तसाच राहील, कारण फ्रेशक्लॅम दोन रीस्टार्टच्या मध्येही येऊ शकतो. ‘मेली तर उठव’ एवढंच हवं असेल तर ते काम सिस्टिमडीला द्या. सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये ‘रीस्टार्ट’ला ‘ऑन-फेल्युअर’ आणि मध्ये तीसेक सेकंदांचं अंतर. ते अंतर महत्त्वाचं आहे. दहा सेकंदांत पाचहून जास्त वेळा सुरू करायची वेळ आली तर सिस्टिमडी मुळात प्रयत्नच सोडून देतो, आणि मग हाताने सुरू केल्याशिवाय ती सर्व्हिस पुन्हा उठणार नाही. हे कारण सापडल्यानंतर करा.

क्रॉनमध्ये एक ओळ टाकायचीच असेल तर ही टाका. दर मिनिटाला एका फाइलमध्ये चार गोष्टी लिहायच्या: तारीख-वेळ, ‘फ्री’ कमांडचं उत्तर, सर्वांत जास्त मेमरी धरलेल्या दहा प्रोसेस, आणि रांगेतल्या मेलचा आकडा. दिवसाला काही एमबीच होतील, आठवड्याने फाइल पुसून टाका. पुढच्या वेळी फोन आला की शेवटची वीस मिनिटं वाचायची. मेमरी हळूहळू चढत गेली की एका मिनिटात उसळली, कोणाची चढली, रांग आधी वाढली की नंतर, हे सगळं तिथे दिसतं. मी नवीन सर्व्हर ताब्यात घेतला की हीच ओळ सर्वांत आधी टाकतो.

एवढं करून पुढच्या वेळी बंद पडल्यावर रीस्टार्टआधी या गोष्टी टिपून ठेवा: अपटाइम, मशीनची वेळ, कर्नलच्या जर्नलमधल्या ‘आउट ऑफ मेमरी’च्या ओळी, फ्रेशक्लॅम आणि क्लॅमडीच्या लॉगमधली त्या अर्ध्या तासाची नोंद, आणि रांगेचा आकडा. खात्यांची नावं आणि पत्ते खोडून त्या ओळी इथे टाका. क्लॅमएव्हीची आवृत्ती आणि मशीन कंटेनर-पद्धतीचं आहे की पूर्ण व्हर्च्युअल, हेही लिहा. ‘कॉन्करंटडेटाबेसरीलोड’ बदलणं आणि क्लॅमस्कॅन काढणं आजच करून ठेवा. ते दोन्ही कोणत्याही परिस्थितीत तुमच्या मशीनला हिताचेच आहेत. बाकीचं तुमच्या ओळी वाचल्यावर सांगतो.